पिवळा घट

भोसरीतल्या त्या दोन खोल्यांना सूर्य माहीत नव्हता. स्वयंपाकघराला खिडकी होती, पण तिच्या पुढ्यातच शेजारच्या वर्कशॉपची पत्र्याची भिंत उभी होती. मधे झाडू फिरेल एवढीच फट. भर दुपारी मेथी निवडायची तरी दिवा लावावा लागे. त्याच खोलीत एका अंगाला अर्जुनरावांची खाट, समोरच्या कोपऱ्यात देव्हारा, आणि नवरात्र आलं की देव्हाऱ्याच्या पायाशी घट.

कौशल्याबाईंना या अंधाराची कधी तक्रार नव्हती. घटाभोवती पेरलेले गहू या घरात कधी हिरवे झाले नाहीत. हळदीच्या पाण्यातून निथळून आल्यासारखे पिवळे, नाजूक, वीतभर उंच यायचे. त्यांच्या गावाकडे, तुळजापूरच्या अलीकडे, असा घट आला की देवी हसली म्हणत. गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. “आमच्यात घट पिवळाच येतो,” कौशल्याबाई सांगायच्या, घराण्यातला गोरेपणा सांगावा तशा. परडीत पाणी शिंपडताना त्या हळूच म्हणायच्या,

अंधाराच्या पोटी माय, धान माझं पोसलं,
उन्हाला गं ठाव न्हाई, सोनं कुटं बसलं.

सून वर्षाली वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात तिनं सासूला सांगून पाहिलं होतं, की आत्या, हे पिवळे येतात ते उजेड मिळत नाही म्हणून. गावाकडच्या रीतीनं ती सासूला आत्या म्हणे आणि सासऱ्याला मामा. कौशल्याबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या होत्या, मग उजेड देवीनंच अडवला म्हण की. वर्षालीनं तो विषय पुन्हा काढला नाही.

मामांना लकवा होण्याआधी ती एका कॉलेजात तासाच्या हिशेबानं शिकवायला जायची. अर्जुनरावांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. ‘हं’ आणि ‘न्हं’ एवढे दोनच शब्द त्यांच्यापाशी उरले. कौशल्याबाईंचे गुडघे आधीच धरलेले. वर्षालीचा नवरा निरंजन चाकणच्या कंपनीत, कधी पहिली शिफ्ट, कधी तिसरी, वर ओव्हरटाइम. वर्षाली घरी बसली. बस असं कुणी म्हटलं नाही. एके दिवशी ती गेली नाही, दुसऱ्या दिवशीही गेली नाही, आणि मग ती जात नाही हेच घराचं वळण झालं.

यंदा श्रावण संपता संपता निगडीच्या ज्युनियर कॉलेजात कायमची जागा निघाली. तिथं केमिस्ट्री शिकवणारी मिनल तिची जुनी मैत्रीण. तिनं हट्टानं अर्ज भरायला लावला. डेमो लेक्चरला वर्षालीनं पिशवीतून एक बटाटा, एक हिरवी मिरची आणि एक लाल मिरची नेली. फळ्यावर लिहिलं, लवके. मग अकरावीच्या मुलामुलींना सांगत सुटली. ही पेशीतली इवलीशी भांडी. पानात गेली की हिरवी होतात, उन्हाची चूल पेटवून साखर रांधतात, ती हरितलवके. मिरची पिकताना तीच हिरवी लवके आपलं रांधणं सोडतात, लाल साडी नेसतात आणि पाखराला बोलावतात, ती वर्णलवके. आणि बटाट्यात, मातीखाली, बिनरंगाची. त्यांचं काम कोठार भरून ठेवायचं. तिघी एकाच आईच्या लेकी. कोण कुठं नांदायला गेली त्यावर कुणाचा रंग कोणता ते ठरलं. पण बटाटा उन्हात ठेवा, ती बिनरंगाची लेकसुद्धा हिरवी होऊ लागते. म्हणून तर हिरवट बटाटा आई फेकून देते. मुलं हसली होती. मागच्या बाकावर बसलेले सर लिहायचं थांबून ऐकत होते.

जागा तिची झाली. दसऱ्यापर्यंत नक्की कळवायचं होतं.

तिनं घरात सांगितलं तेव्हा निरंजन म्हणाला की आईला विचार. कौशल्याबाईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घट बसवायच्या दिवशी परडीत काळी माती पसरता पसरता त्या म्हणाल्या की आपण देवीलाच विचारू. त्यांच्या माहेरी मोठी गोष्ट अशीच ठरायची. पोरीचं स्थळ असो नाहीतर भावाभावांतली वाटणी, प्रश्न मनात धरून गहू पेरायचे. घट पिवळा आला तर देवीचं हो, हिरवा आला तर नको.

वर्षालीनं एकदा त्या कोपऱ्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत तिथं उन्हाचा कवडसा आला नव्हता. ओट्यावरच्या दिव्याचा उजेड तिथवर पोचत नसे, आणि नंदादीपाची ज्योत तर इतकी मंद, की तिच्यानं गव्हाचं एक पातंही हिरवं होणार नाही. जिंकलेलाच डाव कुणी समोर मांडला तर नाही कशाला म्हणायचं? ती चटकन हो म्हणाली. इतकी चटकन, की कौशल्याबाईंनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. मग त्यांनी मूठभर गहू तिच्या हातात दिले. “पेर तूच. तुझा प्रश्न हाय.”

मोड वर आले तसे ते पिवळे, वाकलेले, झोपेतून उठलेल्या पोरांसारखे दिसू लागले. पाणी घालायचं काम वर्षालीचं, कारण आत्यांना वाकवत नसे. मनातल्या मनात तिनं निगडीच्या बसच्या वेळा लावून टाकल्या. सकाळचं कॉलेज, दीडपर्यंत घरी. मामांची अंघोळ आणि नाश्ता ती जाण्याआधी उरकेल. मधल्या वेळेपुरतं कुणीतरी बघायला हवं, तेवढाच प्रश्न. त्यावर बोलू दसरा झाल्यावर, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मधेच एका सकाळी गल्लीत जेसीबी आला. रस्ता रुंद व्हायचा होता. वर्कशॉपवाल्याला नोटीस कधीच आली होती. पत्रे कर्कश किंचाळत खाली आले, धुळीचा लोट उठला, आणि तो बसला तेव्हा स्वयंपाकघरात ऊन उभं होतं.

खरोखर उभंच होतं. खिडकीतून आत येऊन खाटेच्या कडेशी थबकलेलं, पाहुण्यासारखं. अर्जुनराव बराच वेळ नुसते बघत राहिले. मग त्यांनी डावा हात उचलला, उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला, शेकोटीवर धरावा तसा. हातावरची पांढरी लव चमकत होती. त्यांनी खाट ओढायची खूण केली. वर्षालीनं खाट खिडकीकडं सरकवली, तशी त्यांच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. उरलेलं अर्धं तसंच थिजलेलं, पण जे हललं ते हसूच होतं.

“बघ गं,” कौशल्याबाई डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, “कसे हसायलेत.”

वर्षालीही हसली. पण तिची नजर जमिनीवरून सरकत जाणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यावर होती. दुपार कलली तसा पट्टा खाटेखालून निघाला, ओट्याला वळसा घालून देव्हाऱ्याच्या पाटापर्यंत गेला, आणि परडीच्या एका कडेवर चढला.

पुढं काय होणार हे तिला मुलांना सांगावं इतकं स्वच्छ माहीत होतं. त्या पिवळ्या पात्यांतली लवके रिकामी नव्हती. अर्ध्यावर थांबलेली होती. हरितलवक व्हायचं सगळं सामान आत रचून ठेवलेलं, फक्त उजेडाचा निरोप यायचा बाकी. निरोप आला की ती वेळ लावत नाहीत. वर्षानुवर्षं दाराशी बसलेल्या बाईनं हाक ऐकताच उठावं, तशी उठतात.

संध्याकाळी पाणी घालायला ती बसली तेव्हा खिडकीकडच्या पात्यांची टोकं पोपटी झाली होती. कौशल्याबाई बाहेर शेजारच्या रुक्मिणीबाईंशी बोलत होत्या. वर्षालीनं नखानं एकेक टोक खुडलं. खुडलेलं टाकायचं कुठं? घटाचं धान केरात जाऊ नये एवढं तिलाही वाटत होतं. तिनं ती टोकं तोंडात टाकली. कच्च्या गवताची, किंचित गोड चव जिभेवर आली. खाटेवरून अर्जुनराव तिच्याकडं बघत होते. ती पाठमोरी झाली आणि चावत राहिली.

गव्हाचं पातं बुडातून वाढतं, त्यामुळं खालून नवं पिवळं वर येणार होतं. पण अंधार हवा होता. दुसऱ्या दिवशी निरंजन कामावर गेल्यावर तिनं जाड निळी चादर दुहेरी करून खिडकीला ठोकली. आत्यांना सांगितलं की जेसीबीची धूळ येते, मामांच्या छातीला बरी नाही. ते खोटं नव्हतं. धूळ येतच होती, मामा खोकतही होते. कौशल्याबाई बरं म्हणाल्या.

“न्हं,” अर्जुनराव म्हणाले.

त्यांनी डावा हात खिडकीकडं केला. वर्षालीनं पाणी पुढं केलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा हात खिडकीकडं. तिनं उशी सारखी केली. पुन्हा हात. तिनं त्यांना शौचाला जायचंय का विचारलं. या घरात त्यांची बोली सगळ्यांत जास्त तिलाच कळायची. कौशल्याबाईसुद्धा तिला हाक मारून विचारत, काय म्हणायलेत गं हे? आणि आता तीच न समजल्यासारखं करत होती. पाणी, उशी, भांडं, पांघरूण. सगळं पुढं करून झालं, खिडकी सोडून. शेवटी हात खाली आला. त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

थोडेच दिवस, ती मनात म्हणाली. दसरा होऊ दे, मग खाट मी स्वतः खिडकीत नेऊन ठेवीन, रोज ठेवीन.

चादरीच्या बाहेर ऊन येत होतं, जात होतं. शिवणीतून सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके पडायचे. अर्जुनराव त्या ठिपक्यांवर बोट ठेवायचे. ठिपका सरकला की बोट सरकायचं.

दसऱ्याच्या सकाळी घट उठवला. पातं न् पातं पिवळं. परडीवरनं हात फिरवला तर हळद लागेल असं. रुक्मिणीबाई बघायला आल्या आणि तोंडावर हात ठेवून म्हणाल्या की भिंत पडल्यापासून ओळीतल्या सगळ्यांचे घट हिरवे झाले, तुमचाच तेवढा राहिला बाई, तुमच्या घरात देवी खरंच राहते. कौशल्याबाईंच्या चेहऱ्यावरचं वय उतरल्यासारखं झालं. त्यांनी पात्यांच्या जुड्या केल्या. एक अर्जुनरावांच्या टोपीत खोवली, एक निरंजनच्या कानावर. एक वर्षालीच्या वेणीत माळताना त्यांचा हात तिच्या डोक्यावर क्षणभर रेंगाळला.

वर्षाली वाट बघत होती. पुरण शिजत आलं, निरंजन मोटारसायकल धुऊन, तिला हार घालून आत आला, तरी कुणी काही बोलेना. शेवटी तिनंच विचारलं, मग मी कॉलेजात कळवू ना?

कौशल्याबाई पाटावर टेकल्या. “इतका पिवळा घट मी जन्मात बघितला न्हाई. ज्या घरात सगळं जागच्या जागी हाय, तिथंच असा येतो. आता हे विस्कटू नको, असं म्हणती आई.”

“पिवळा म्हणजे हो, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

“हो म्हणजे घराला हो, बाळा.”

वर्षालीनं निरंजनकडं पाहिलं. तो मोबाइलवर आलेली सोन्यासारखी माणसं आणि सोन्यासारखे दिवस पुढं पाठवत होता. मान वर न करता तो म्हणाला, पुढच्या वर्षी बघू, जागा काय निघतच असतात.

तिच्या हातातलं पुरणयंत्राचं दांडकं थांबलं. “हा घट देवीनं पिवळा नाही केला,” ती म्हणाली. “मी केला. ती चादर धुळीसाठी नव्हती लावली मी.”

मग तिनं सगळं सांगितलं. ऊन परडीवर चढलं ते, टोकं पोपटी झाली ते, ती खुडली, खाल्ली ते. सांगताना आवाज चढला नाही. वर्गात सांगत होती तसंच तिनं सांगितलं, कारणासकट.

निरंजनचं बोट मोबाइलवर थबकलं. कौशल्याबाई रागावतील असं तिला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता देव्हाऱ्याला हात जोडले, काहीतरी पुटपुटल्या, आणि म्हणाल्या, “मग तर मिटलंच. आपल्या हातानं रंगवलेल्याला कौल म्हणत न्हाईत.”

“आणि हिरवा आला असता तर?”

कौशल्याबाईंनी खाटेकडं पाहिलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. “तरी न्हाईच गं. ह्यांना कोण बघणार? माझ्याच्यानं वाकवत न्हाई. तुझ्या हाताबिगर घास घेत न्हाईत ते.”

“मग हे त्याच दिवशी का नाही बोललात?”

“सुनेला तोंडावर न्हाई म्हणायची रीत न्हाई आपल्यात,” कौशल्याबाई म्हणाल्या. त्यात लबाडी नव्हती. उलट सुनेला दिलेला मान होता, आणि तो मान तिनं ओळखावा अशी त्यांची अपेक्षाही होती.

वर्षालीनं गॅस बारीक केला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन मिनलला फोन लावला. मिनल कासारवाडीला आईकडं आली होती. मागं भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. वर्षालीनं नाही म्हणून सांगितलं, आणि मिनलनं का विचारल्यावर काही लपवलं नाही.

“बॉटनीत एम.एस्सी. तू,” मिनल म्हणाली. “आणि घटाला विचारू दिलंस?”

“मला माहीत होतं ना पिवळाच येणार.”

“तेच तर म्हणतेय. रंग तुला माहीत होता. अर्थ लावणारं दुसरंच होतं.” मग तिचा स्वर थोडा मऊ झाला. “आमच्यात घट नसतो गं. मी नोकरी धरते म्हटलं तेव्हा माझी आई तोंडावर नाही म्हणाली होती. कंपनीत लाइनवर उभी राहणारी बाई ती, तिचं नाही म्हणजे दगड. आठवडाभर अबोला. पण निदान भांडता तरी आलं मला. तू भांडणार होतीस कुणाशी?”

मिनल म्हणाली की सरांना आजच सांगावं लागेल, यादीत पुढचं नाव अंजली म्हणून एका मुलीचं आहे, तीही कधीपासून वाट बघतेय. वर्षाली म्हणाली, सांग. फोन ठेवताना मिनलनं दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या नाहीत. तेवढा मात्र तिचा चांगुलपणा.

जेवणाआधी वर्षालीनं खिडकीवरची चादर उतरवली. ऊन आत आलं, खाटेवर पडलं. तिनं दुधात कालवलेल्या पुरणपोळीची वाटी घेतली, मामांच्या मानेखाली हात घातला, चमचा ओठांपाशी नेला.

अर्जुनरावांनी तोंड उघडलं नाही.

तिनं थोडं थांबून पुन्हा चमचा नेला. मामा, गोड आहे, ती म्हणाली, तुमच्या आवडीचं. त्यांनी ओठ आणखी घट्ट मिटले. डोळे मात्र तिच्यावरच होते. रागावलेले नव्हते, नुसते तिला ओळखून बसलेले. दूध चमच्यातून तिच्या मनगटावर ओघळलं. कौशल्याबाई दारातून म्हणाल्या की भूक नसेल, थोड्या वेळानं दे. वर्षाली तशीच बसून राहिली. पोळी वाटीत फुगत गेली.

मग ती उठली आणि वाटी निरंजनच्या हातात दिली. तो वाटीकडं बघत राहिला. इतक्या दिवसांत त्यानं बापाला कधी भरवलं नव्हतं. चमचा कसा धरायचा इथपासून त्याची तयारी नव्हती. तो खाटेच्या काठावर अवघडून टेकला, चमचा फारच भरून घेतला, आणि अर्ध्या वाटेत थांबून तोंडानं स्वतःच आ केला, लहान पोराला भरवताना करतात तसा.

अर्जुनरावांनी तोंड उघडलं.

घास आत गेला. थोडा हनुवटीवर आला, तो निरंजननं शर्टाच्या बाहीनं पुसला आणि दुसरा पुढं केला. तोही गेला. तिसरा गेला. बाप उन्हात चावत होता, मुलगा वाकून बघत होता.

“सणाचं म्हणून घेतलं असंल,” कौशल्याबाई म्हणाल्या. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत दारातच उभ्या राहिल्या.

बाहेरच्या खोलीत मोबाइल वाजला. वर्षालीनं जाऊन पाहिलं. मिनलचा मेसेज होता, की अंजलीला कळवलं, ती सोमवारपासून येते. वर्षालीनं तो वाचला, परत आत आली आणि तव्यावरची पोळी उलटली. ती एका अंगानं करपली होती.

खाटेवरून निरंजनचा आवाज आला. “जमलं की मला,” तो म्हणत होता. त्याला खरंच नवल वाटलं होतं. “एवढं काही अवघड नाहीये गं.”

वर्षालीनं त्याच्या हातातली रिकामी वाटी घेतली आणि विसळायला टाकली.